लॉगिनवरचं तिसरं नाव

२००५च्या मे महिन्यात हट्ट्याहून फोन आला की क्लासचा मेन कॉम्प्युटर ‘मेला’. खेड्यात लोकांना हा एकच शब्द येतो. वायर निसटली, मेला. माऊस अडकला, मेला. हिंगोलीत माझं दुरुस्तीचं दुकान होतं, माझं पोट अशाच लोकांवर चालायचं, आणि तरीही मला त्यांचा मनापासून तिटकारा होता.

क्लास तातेराव सरांचा. रिटायर झाल्यावर त्यांनी खताच्या दुकानावरच्या दोन खोल्या घेऊन आठ कॉम्प्युटर मांडले होते. बसवले मीच, आदल्या वर्षी. रविवारी बेचाळीस पोरांची परीक्षा होती आणि मेन मशीन उघडल्याशिवाय बाकीची सात चालणार नव्हती, म्हणून मी त्याच दिवशी हट्ट्याला गेलो.

“लाईट धाडकन आली अन् गेली,” सर म्हणाले. “तवापासून आत जाऊ देईना.”

“कुणीतरी मधेच बटण दाबलं असेल.”

“न्हाई हो. आमी हातबी लावला न्हाई.”

यांच्याकडं सगळं हात न लावताच बिघडतं. मशीनवर प्लास्टिकचं कव्हर होतं, त्यावर हळदीकुंकू. मी ते दोन बोटांनी उचलून बाजूला टाकलं. सरांच्या पत्नी निर्मलाबाई पाण्याचा तांब्या ठेवून दाराशी उभ्या राहिल्या.

मशीन सुरू झालं. निळा पडदा आला. लॉगिनसाठी मी दोन नावं बनवली होती, सरांचं एक आणि विद्यार्थ्यांचं एक, दोन्ही इंग्रजीत. त्यांच्याखाली तिसरं होतं. मराठीत.

देवला.

मला आधी हसूच आलं. या मशीनमध्ये मराठी टाकलेलंच नव्हतं. तिथं नुसते चौकोन दिसायला हवे होते. नावाखाली बारीक अक्षरांत ओळ होती: एक प्रोग्रॅम चालू आहे. मिनिटापूर्वी सुरू केलेल्या मशीनवर कुणाचा प्रोग्रॅम चालू असणार?

“देवला कोण?”

सरांनी निर्मलाबाईंकडं पाहिलं. “असंल एखाद्या पोरीनं टाकलं,” ते म्हणाले.

मी आडमार्गानं आत शिरून यादी तपासली. यादीत दोनच नावं. पुन्हा सुरू केलं, पडद्यावर तीन. मग सगळं पुसून टाकलं आणि विंडोज एक्सपी नव्यानं भरायला घेतलं. तासभर गेला. खालून युरियाचा आंबूस वास येत होता. पंखा बंद होता, इन्व्हर्टर फक्त मशीनपुरता चालत होता. सर खुर्चीच्या कडेला बसून होते, जसं काही परीक्षा त्यांचीच होती.

नवी सिस्टिम सुरू झाली. मी आत्ताच दिलेलं एक नाव दिसलं. त्याच्याखाली देवला.

मी हार्ड डिस्कच बदलली. माझ्या पिशवीतली कोरी, सीलबंद; तिच्यावर पुन्हा एक्सपी भरलं.

देवला. एक प्रोग्रॅम चालू आहे.

नावावर क्लिक केलं. पासवर्डची चौकट आली, शेजारी प्रश्नचिन्ह. पासवर्ड विसरणाऱ्यानं स्वतःसाठी ठेवलेली खूण तिथं दिसते. मी ते दाबलं.

‘साहेब म्हणले होते ते.’

“कोणता साहेब?” मी ओरडलोच.

“तुमीच की,” निर्मलाबाई दारातून म्हणाल्या. “बराबर आठवा. तुमी मशिना बसवायला आलते तवा झाडायला, पाणी भरायला बाई होती. तिनं तुमाला इचारलं, साहेब, यात माजंबी नाव टाकता का?”

मला आठवेना. अशा बायका सगळीकडंच असतात.

“तुमी लई हसले,” त्या म्हणाल्या. “म्हणले, आधी सोताचं नाव लिहाया शिका. या जन्मी जमायचं न्हाई. पुढच्या जन्मी या, मावशी.”

“मग? आता कुठंय ती?”

“दिवाळी झाल्यावर वीटभट्टीवर गेली. संगं गेलेले परत आले. ते म्हणतात, देवला रस्त्यातच उतरली.”

“कुठं उतरली?”

“ते कुणालाच सांगता येईना.”

सर खाली बघत होते. मी चौकटीत टाइप केलं: पुढच्या जन्मी. इंग्रजी अक्षरांत, एकेका बोटानं. एंटर दाबलं.

उघडलं.

पडद्यावर एकच कोरं पान होतं, म्हणजे मला आधी एकच वाटलं. ते शेवटचं होतं. वर सरकवत पार पहिल्या पानापर्यंत गेलो. पानामागून पान, एकच शब्द. सुरुवातीला नुसता ‘द’. मग ‘दवल’, ‘देवल’, ‘दवेला’. शेकडो पानं. हळूहळू चुका कमी झालेल्या. शेवटी ओळीमागून ओळ, स्वच्छ: देवला देवला देवला.

माझे हात मांडीवर होते.

कर्सर खालच्या ओळीवर गेला.

‘प’ उमटला. थांबला. ‘पर’. खोडलं. ‘परदनेश’. खोडलं.

“सर, माझं नाव प्रज्ञेश आहे हे हिला कुणी सांगितलं?”

“कुणीच न्हाई,” सर हळूच म्हणाले. “आमाला तर तुमी पाईकराव म्हणूनच ठाऊक.”

‘प्र’ उमटला. मग बराच वेळ काही नाही. ज्ञ जमत नव्हता.

मी वायर उपटली.

पडदा काळा झाला. त्या मशीनकडं पाठ करून मी दुसऱ्या एका मशीनला मेन बनवलं, चार वाजेपर्यंत बाकीची जोडून दिली, आणि जुनं कोपऱ्यात ठेवून द्या, त्याला वायर लावू नका, एवढं सांगून निघालो. रविवारची परीक्षा नीट पार पडली. त्यानंतर हट्ट्याचं काम मी घेतलं नाही. घरी कुणाला काही सांगितलं नाही. एका झाडणाऱ्या बाईला भ्यालो, हे कोणत्या तोंडानं सांगणार?

नोव्हेंबरात दुकानात फोन वाजला. तातेराव सर होते. आवाज साधा, विद्यार्थ्याची प्रगती सांगावी तसा.

“ते जुनं मशीन कोपऱ्यात हाय, वायर काढलेलंच. पण दिसतंय त्याच्यावर.”

“काय दिसतंय?”

“तुमचं नाव जमलं तिला. ज्ञबी आला. वडिलांचं झालं, आडनाव झालं.”

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

“आता पत्ता लिहून राहिली,” सर म्हणाले. “गल्लीपस्तोर आली.”