बॉनेटवरचं सूत

मे महिन्यात सोलापुरात दुपारी बारानंतर रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. वच्छलाबाई मात्र रोज साडेबाराला डबा घेऊन अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत लेकाच्या गॅरेजवर हजर व्हायच्या. वय चौऱ्याहत्तर, गुडघे कुरकुरणारे, डोक्यावर ओला पंचा. कडक भाकरी आणि शेंगाचटणी लेकाच्या पोटात गेल्याशिवाय त्यांना स्वतःचा घास गोड लागत नसे. युवराज एकुलता एक, लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेला. सून वैष्णवी पोरीला घेऊन सुट्टीसाठी बार्शीला माहेरी गेली होती, त्यामुळे त्याच्या जिवाची काळजी पुन्हा पहिल्यासारखी एकट्या आईच्या गळ्यात येऊन पडली होती.

त्या काळजीचा रंग यंदा लाल होता. दोन दारांची, जमिनीला टेकल्यासारखी बसकी स्पोर्ट्स गाडी. युवराजने ती जुनी विकत आणली होती आणि येत्या रविवारी पुण्याकडच्या एका शर्यतीत पळवायची म्हणून जिवाचं रान करत होता. अडचण एकच होती. गाडीला टर्बो होता, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, आणि तो निखाऱ्यासारखा तापे. सोलापूरच्या त्रेचाळीस अंशांत दहा मिनिटं दामटली की इंजिनाच्या पाण्याच्या तापमानाचा आकडा एकशे बारावर चढायचा आणि गाडी मलूल व्हायची.

"बॉनेटला व्हेंट पाडतो, आई," तो भाकरी मोडत म्हणाला. "खाचा पाडल्या की आतली धग वरनं निघून जाती."

"चांगल्या पत्र्याला भोकं? तुझ्या बापानं जन्मभर गाड्यांची भोकं बुजवली. तू पाड."

शिवप्पा खो खो हसला. हा गॅरेजातला पेंटर, अक्कलकोटकडचा, साठीला टेकलेला. "अव्वा, काळ बदलला की! आता बुजवायला कोण येतंय? भोकं पाडायलाच लाइन लागती."

पण भोक पाडायचं कुठं, हे आधी कळायला हवं होतं. पळत्या गाडीच्या बॉनेटवर वारा सगळीकडे सारखा नसतो. काही जागी तो आतली हवा वर ओढतो, तर काचेजवळ उलट आत ढकलतो. त्यासाठी बॉनेटभर वीत वीत सुताचे तुकडे चिकटवून गाडी पळवायची आणि कुठला तुकडा कसा झोपतो ते बघायचं, असं युवराजचं म्हणणं.

"मग सूत आणायला निघालास कुठं बाजारात?" वच्छलाबाई फणकारल्या. "सव्वीस वर्षं गिरणीत वाइंडिंगला, सूत गुंडाळायला उभी होती मी. माझ्या घरात सुताला तोटा हाय व्हय?"

दुसऱ्या दिवशी ट्रंकेच्या तळातून सूत गुंडाळलेला एक अर्धा भरलेला कोन निघाला. पांढरं सूत जरासं पिवळं पडलं होतं, पण ओढून पाहिलं तर तुटेना. त्यांनी स्वतः मापून चाळीस तुकडे काढले, दाताने तोडले. बोटांना सगळं आठवत होतं. भोंगा झाला की अख्खं गाव उठायचं, गल्लीगल्लीतून बाया लगबगीने निघायच्या, केसांत कापसाची म्हातारी अडकलेली असायची. त्या दुपारी कितीतरी वर्षांनी त्या गुणगुणल्या.

शिवप्पाने कागदी टेपने तुकडे चिकटवले. युवराजने होटगी रोडला फेरी मारली, शिवप्पा मोटारसायकलवरून शेजारी राहून बघत होता. पुढचं सूत नीट सरळ झोपलं, काचेजवळचं उलटं फिरलं. जागा ठरल्या. बुधवारी ग्राइंडर चालला, ठिणग्या उडाल्या आणि बॉनेटच्या दोन्ही अंगांना चार चार खाचा पडल्या. कडा कानसून गुळगुळीत केल्या. सूत तसंच ठेवलं, म्हणजे पुन्हा तपासता येईल.

गुरुवारी वच्छलाबाई पोचल्या तेव्हा दोघं गाडी फिरवून नुकतेच आले होते आणि युवराज लहान पोरासारखा नाचत होता. "अठ्ठ्याऐंशी, आई! अर्धा तास दामटली, अठ्ठ्याऐंशीच्या वर आकडा गेला न्हाय!"

त्यांनी डबा उघडला. तो जेवता जेवता उठून पुन्हा गाडीशी गेला, इंजिन चालू ठेवून आकडा बघू लागला. जाग्यावर उभ्या गाडीचा आकडा खरं तर चढायचा. तो सत्तरवर आला. मग चोपन्नवर. शेवटी एकोणचाळीस.

"बाहेर त्रेचाळीस हाय," शिवप्पा हळूच म्हणाला. "मीटर गेला तुझा."

शिवप्पानेच बॉनेट उचललं. जरा घुटमळला, मग चालू इंजिनाच्या टर्बोवर आधी एक बोट आणि नंतर अख्खा तळवा टेकवला. वच्छलाबाईंच्या तोंडून "अरे भाजंल!" निघून गेलं.

शिवप्पाने हात काढला नाही. "न्हाय अव्वा," तो म्हणाला. "माठासारखं हाय."

युवराजने इंजिन बंद केलं, बॉनेट खाली केलं. बाहेर लिंबाचं पान हलत नव्हतं. आणि खाचांभोवतीचं सूत हलत होतं. दोन्ही अंगांचे तुकडे खाचांकडे झुकले होते, शेंडे आत गेले होते, कोणी आतून हळूच ओढत असावं तसे.

वच्छलाबाई वाकल्या. एका ठिकाणी दोन तुकड्यांची टोकं एकमेकांना बांधलेली होती. शेजारच्या दोघांचीही. सगळ्या जोड्या बांधलेल्या होत्या.

"वाऱ्यानं गुंतलं असंल," युवराज म्हणाला.

"वारा गाठ मारत न्हाय, बाळा."

ती वाइंडिंगची गाठ होती. तुटलेलं सूत जोडायची, मोहरीएवढी, चालत्या यंत्रावर एका चुटकीत मारायची. प्रत्येक बाईची गाठ वेगळी असायची, हस्ताक्षरासारखी. ही डाव्या हाताची होती, आणि एक शेपूट जरा लांब ठेवलेलं. साठ बायांच्या खात्यात डावखुरी एकच होती. बजाबाई.

वच्छलाबाईंनी ती गाठ चिमटीत धरली.

एकोणऐंशी सालचा मे. सूत कोरडं पडून तुटू नये म्हणून खात्याचे झरोके बंद ठेवायचे, वर वाफ सोडायचे. शेजारच्या यंत्रावर बजाबाई. "वच्छे, लई उकडतंय गं. झरोका उघड की जरासा." दोनदा म्हणाली. जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, बघत होता, म्हणून वच्छलाबाईंनी मान खाली घातली. तिसऱ्यांदा बजाबाई काही बोलली नाही, खालीच बसली, ती उठलीच नाही. तिच्या यंत्रावरचा कोन अर्धा राहिला.

गिरणीतली रीत होती. काम करता करता जिचा हात सुटला, तिचा अर्धा कोन दुसरीने पुरा करायचा नाही आणि घरी तर न्यायचाच नाही. तो भट्टीत जायचा. वच्छलाबाईंनी तो पदराखाली लपवून घरी आणला होता. मैत्रिणीची आठवण म्हणून. पुढे पोर झालं, संसार वाढला, ट्रंका बदलल्या, आणि तो कोन कोणाचा होता हेच मनातून गेलं. घरातलं सूत होऊन बसलं ते.

शुक्रवारी सकाळीच त्या गॅरेजवर गेल्या. एकेक तुकडा टेपसकट उपटला, मोजून चाळीस भरल्यावरच थांबल्या. उरलेल्या कोनासह सगळं रंगाच्या रिकाम्या डब्यात घातलं आणि काडी लावली. "बजे, चुकलं माझं," एवढंच पुटपुटल्या. सूत जळलं. साध्या सुतासारखं जळलं, राख झाली. त्यांच्या छातीवरचा दगड उतरला.

शिवप्पाने गाडी चालू केली. पंधरा मिनिटांनी आकडा पस्तीसवर होता.

"तू जाऊ नगंस," त्यांनी शनिवारी दुपारी लेकाचा हात धरला. हात गरम होता, घामेजलेला. तो गरमपणा त्यांनी तळव्यात घट्ट धरून ठेवला. "तुझ्या पाया पडते."

"आये, काय बोलतीस!" तो हसला. "सगळ्यांच्या गाड्या उन्हानं बसणार बघ. माझी तेवढी पळणार. उद्या रात्री घरी."

तो गेला. पाऊण तासाने फोन वाजला.

"आई, मोहोळच्या पुढं आलोय. एसी बंद हाय, काचा खाली हायत, आणि बोलताना माझ्या तोंडातनं वाफ निघतीया! मे महिन्यात! शिवप्पाला सांग."

"परत फीर. आत्ताच्या आत्ता परत फीर, युवराज."

"अगं, लई मस्त वाटतंय." आवाज आनंदाचा होता. दात वाजत होते.

मग रविवारी रात्री तो आला नाही. फोन लागला नाही. शिवप्पा हायवेपर्यंत जाऊन आला. वच्छलाबाई उंबऱ्यात बसून राहिल्या.

सोमवारी दिवस मावळताना लाल गाडी दारात येऊन उभी राहिली.

"झाली शर्यत," तो म्हणाला. "पहिला आलो."

अंगावर खरचटल्याची खूण नव्हती. चेहरा शांत होता. शर्ट काढून तो अंगणातल्या बाजेवर उघडाच बसला, जसा रोज बसे. त्यांनी देवाचे आभार मानले, चहा उकळला, वाफाळता कप त्याच्या हातात दिला.

चहावर लगेच साय धरली.

"थकलास?"

"न्हाय. बरं वाटतंय. गार."

शिवप्पा पायरीवर बसला होता. गटारीचा दमट वास वर येत होता, संध्याकाळचे डास सुटले होते. शिवप्पा मानेवर चापट मारत होता. वच्छलाबाई पदराने पाय झाकत होत्या, हात झटकत होत्या. दोघांच्या डोक्यावर डासांचे थवे घोंगावत होते.

युवराज हलत नव्हता.

डास अंगाची ऊब हुंगत येतात; त्याच्या उघड्या पाठीवर, खांद्यांवर, दंडांवर एकही डास बसत नव्हता.

शिवप्पाचं तिकडे लक्ष गेलं. त्याने वच्छलाबाईंकडे पाहिलं, आणि मानेवरचा हात तसाच ठेवून तो हळूहळू पायरीवरून उठला.

"आई," युवराज गाडीकडे बघत म्हणाला, "उद्या तू पण चल की, एक चक्कर मारून येऊ."