चुकवलेलं बटण

वाचनालयाच्या जिन्यात, वळणावरच दोघं एकमेकांवर आपटले आणि तिच्या निळ्या बाहीवर पांढरी बोटं उमटली. त्यानं पुसायला घेतलं, तर डाग आणखीच पसरला.

"आता... दुसरी बाहीही अशीच करू का? जोडी तरी जमेल."

ती हसली नाही. निदान त्याला दिसेल अशी तरी नाही. खडू, तिनं मनाशी म्हटलं. मास्तर दिसतोय!

वरच्या खोलीत दर शनिवारी काही माणसं जमत आणि आपल्या रोजच्या जगण्यातलं एखादं पान वाचून दाखवत. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. दुपारी जेवायला घरी आली, की आपल्या माडीवरच्या खोलीतल्या ऊबदार भिंतीला पाठ टेकून वडिलांच्या आठवणी लिहायची, स्वतःलाच मोठ्यानं वाचून बघायची. सभेत मात्र तिचं तोंड अजून उघडलं नव्हतं. वडील गेल्यावर त्यांचं म्हणून एवढंच उरलं होतं; ते नीट हातात धरून लोकांपुढे ठेवायचं होतं तिला.

आणि एका शनिवारी मास्तर वाचायला उभा राहिला.

"एक गृहस्थ होते. कामावर निघताना सदऱ्याची बटणं मुद्दाम चुकीची लावायचे, म्हणजे बायको हातातलं टाकून यायची आणि नीट लावून द्यायची. हे ऐकल्यापासून मीही रोज एक बटण चुकवतो... अजून कुणी आलेलं नाही."

सगळे खळखळून हसले. हिच्या मात्र पायाखालची जमीन सरकली. तिचे वडील! तिचं पहिलं पान!

संशय हा मोठा चिवट पाहुणा. ओसरीवर टेकू दिलं, की माजघरात पथारी पसरतो. घरी येताच तिनं सोबत राहणाऱ्या मावशीला धारेवर धरलं.

"माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, कबूल," मावशी शांतपणे म्हणाली. "पण तीळ आधी तोंडात पडायला तर हवा! तू मला सांगतेस काय कधी? आणि कोण गं हा मेला, दिसायला कसा आहे?"

दिसायला कसा आहे, याचं उत्तर तिच्याकडे जरा जास्तच तयार होतं. म्हणून तर राग दुप्पट झाला. त्याच्यावरही एक पान लिहून झालं होतं, एकदाच मोठ्यानं वाचलं होतं आणि लाजून फाडून टाकलं होतं.

पुढच्या शनिवारी तिनं त्याला जिन्यातच गाठलं.

"ती बटणांची गोष्ट कुठून आणलीत?"

"रेडिओवर ऐकली."

"कुठल्या स्टेशनवर?"

"ते काही कळत नाही... दुपारी लागतं. बाई नवीन असावी, अडखळते, तेच वाक्य पुन्हा वाचते. पण आवाज—" तो थांबला. "जाऊ दे. हसाल तुम्ही."

थापाड्या! रेडिओवर कुणी एकच वाक्य दोनदा वाचतं का? आज चारचौघांत सोक्षमोक्ष लावायचाच, असं ठरवून ती तरातरा वर गेली आणि सगळ्यांच्या आधी उभी राहिली.

"माझे वडील निघायच्या वेळी... आरशापुढे..." ती अडखळली. घसा खाकरून तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

मागे खुर्ची पडली. मास्तर उभा होता.

"तुम्ही रेडिओ आहात," तो म्हणाला.

मग त्यानं कान धरून सगळ्यांची माफी मागितली. त्याची बेकरी होती. दुपारी शेवटचे पाव भट्टीत असत आणि तो एकटाच पीठ मळत बसे. तेव्हा धुराड्यातून एक घुमणारा आवाज खाली येई. वर कुणी रेडिओ लावत असेल, असंच तो समजून चालला होता. तिनं पत्ता विचारला. बेकरीचं दार मागच्या गल्लीत होतं, तिच्या घराचं पुढच्या रस्त्यावर, पण मधली भिंत एकच, धुराडं तिच्यातूनच वर गेलेलं... तीच ऊबदार भिंत! आणि बाहीवरचा तो खडू म्हणजे मैदा.

सभेनं तिला पान पुरं वाचायला लावलं. वडील अखेर तिच्या तोंडून बोलले. टाळ्या थांबेपर्यंत तो तिच्याकडेच बघत होता.

जिना उतरताना तो घुटमळला. "एक विचारू? त्या रेडिओवर एकदाच एक मास्तर आला होता. बोटांना खडू लागलेला. त्याचं हसू बाईंना दिवसभर पुरायचं म्हणे... त्या दिवशी माझे पाव करपले. कोण हो तो?"

तिच्या कानशिलांपर्यंत लाली चढली.

"तो मास्तर नव्हताच," ती खाली बघत म्हणाली. "माझाच गैरसमज झाला... मैद्यामुळे."

त्याच्या डोक्यात प्रकाश पडायला पुरी पायरी लागली. तोवर तिचा हात त्याच्या गळ्याशी पोहोचला होता. तिनं वरचं बटण काढलं आणि हलकेच योग्य काजात घातलं.

"झालं नीट," ती म्हणाली. "उद्या पुन्हा चुकवा."