तिसरा चालक बाहेर आहे

स्टुडिओच्या तळघरातली ती खोली म्हणजे दोन खुर्च्या, टेप चालवायचं एक जुनं मशीन आणि भिंतीला टेकवलेलं लोखंडी कपाट. कपाटात बावन्न टेपा. छताला लागून असलेल्या खिडकीतून रस्त्यावरच्या माणसांचे फक्त पाय दिसायचे. नोंदवाल्या काकू रोज दहाच्या ठोक्याला यायच्या, पिशवीतून चष्मा, पेन आणि थर्मास काढायच्या आणि मशीनवाल्या आप्पांना म्हणायच्या, "हं, सोडा तुमचं विमान."

विमान म्हणजे टीव्हीवरच्या एका मालिकेतलं अंतराळयान. बत्तीस वर्षांपूर्वी ती मालिका लागली की रस्ते ओस पडायचे. काकूंनी तेव्हा तिची कंटिन्युइटीची वही सांभाळली होती. चित्रीकरण कधी सरळ क्रमाने होत नाही. आज शेवट, उद्या सुरुवात. म्हणून कप्तानाचा पेला कुठल्या हातात होता, डॉक्टरणीच्या कोटाचं वरचं बटण लावलेलं होतं की उघडं, हे सगळं वहीत. दारातून गेलेल्या माणसापुढे 'बाहेर' आणि परतलेल्या माणसापुढे 'आत', हे तर काकूंचं ब्रीदच. कप्तान असो की हातात ट्रे घेऊन उभा राहणारा आचारी, नोंद दोघांची सारखीच. देवाच्या दारी काय कुणी दुय्यम असतं का, असं त्या म्हणायच्या.

आता मालिका नव्याने निघणार होती. नवा लेखक तरुण होता, हुशार होता, बोलायला गोड होता. "काकू, मुख्य पात्रं कोण, दुय्यम कोण आणि शेवटी कोणाचं काय झालं, एवढी यादी शुक्रवारपर्यंत द्या. एकही धागा लोंबकळता नको. हल्ली लोक फार बारकाईनं बघतात हो."

"तेव्हाही बघायचे रे बाबा," काकू म्हणाल्या, आणि वही जवळ ओढली.

एक धागा लोंबकळत होता, आणि तो त्यांच्याच हातून सुटला होता.

यानात तीन चालक होते: कप्तान, यंत्रमानव आणि आणखी एक. तिसऱ्याला काम असं नव्हतंच. मागच्या खुर्चीत, कॅमेऱ्याकडे पाठ करून बसायचं आणि बटणं दाबायची. ते काम काकूंचे यजमान करायचे. एकतिसाव्या भागात तिसरा चालक मोडका अँटेना दुरुस्त करायला यानाबाहेर जातो. तो परत येण्याचा प्रसंग पुढच्या आठवड्यात घ्यायचा होता. नेमकी त्याच आठवड्यात यजमानांना कावीळ झाली, दोन महिने अंथरूण धरलं. काकू घर आणि दवाखाना यांच्यात पळत राहिल्या, आणि तो प्रसंग राहिला तो राहिलाच. कुणाच्या लक्षातही आलं नाही. मुख्य पात्रांचं सगळं जागच्या जागी होतं ना!

यजमानांनी त्याचा जन्मभर विनोद केला. जेवायला बसले की म्हणायचे, "मी अजून बाहेरच आहे. तुमच्याकडून दार उघडायचं राहिलंय, बाईसाहेब." अकरा वर्षांपूर्वी ते गेले तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते, आणि डोक्यावर एकही पांढरा केस नव्हता. "मी डोक्याला ताप घेत नाही. ते खातं बायकोकडे," हेही त्यांचंच.

सोमवारी काकूंनी एकतिसावा भाग पाहिला. जाड पोशाख चढवून तिसरा चालक दाराशी गेला. दार उघडलं, मिटलं. काकूंनी वही काढली. त्या पानावर त्यांच्याच अक्षरात होतं, 'तिसरा चालक: बाहेर.' त्यापुढची जागा कोरी.

मग बत्तिसावा भाग लागला. कप्तान ग्रहांच्या युद्धावर लांबलचक बोलत होता. त्याच्या बोलण्याखाली, अगदी हलकेच, तीन टकटक ऐकू आल्या.

"आप्पा, ऐकलंत?"

"जुनी टेप आहे, काकू. माझ्या गुडघ्यांसारखी. कुरकुरायचीच."

तेहतिसाव्या भागात टकटक पुन्हा झाली, आणि या वेळी मागे उभ्या असलेल्या आचाऱ्याने दाराकडे मान वळवली. काकूंनी वही उघडली. 'आचारी: मान खाली, ट्रे डाव्या हातात.' टेप मागे नेऊन पुन्हा पाहिली. ट्रे डाव्याच हातात होता. मान दाराकडे होती.

"नोंद चुकली असेल," आप्पा म्हणाले.

काकूंनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं.

"तसं नाही... तुमची कशी चुकेल," आप्पा पुटपुटले आणि मशीनवरची नसलेली धूळ पुसू लागले.

मंगळवारी परिचारिकेनेही दाराकडे पाहिलं. बुधवारी दोघा तंत्रज्ञांनी. पुढची तिघं, कप्तान, डॉक्टरीण आणि यंत्रमानव, आपापली वाक्यं म्हणत राहिली. त्यांना काही ऐकू येत नव्हतं. मागच्यांना येत होतं. पंचेचाळिसाव्या भागात तर मागची चारही माणसं कॅमेऱ्याकडे पाठ करून दारासमोर उभी होती. वहीत लिहिल्याप्रमाणे ती त्या वेळी जेवत असायला हवी होती. आणि टकटक आता तीनवर थांबत नव्हती. जोर मात्र वाढला नव्हता. दमलेला माणूस सवयीने ठोठावत राहतो, तशी ती चालली होती.

आप्पांनी मशीन बंद केलं. "काकू, मी ही टेप वीस वेळा तरी चालवली असेल." "असं कधी दिसलं नव्हतं." थर्मासमधला चहा दोघांनी संपवला.

गुरुवारी लेखक जिने उतरून खाली आला. "काकू, सोपं करून टाकलंय! पहिल्याच भागात एक वाक्य: अपघातात बाकीचे सगळे गेले. मुख्य तिघं तेवढी परत येतील. तुम्ही दुय्यम मंडळींपुढे सरळ 'मृत' लिहा."

"आणि तिसरा चालक?"

"तो कोण?"

"मागच्या खुर्चीतला. एकतिसाव्या भागात बाहेर गेलाय."

लेखक हसला. "काकू, बत्तीस वर्षं यानाबाहेर राहिलेला माणूस जिवंत कसा असेल? आणि आठवतोय कोणाला तो?"

"मला आठवतोय. आमचे हे होते ते."

लेखकाचा चेहरा उतरला. तो पायरीवरच बसला. "माफ करा काकू. मला खरंच ठाऊक नव्हतं. पण मग तर 'मृत' लिहा ना. सुटेल बिचारा."

"आमचे हे सुटले रे. मीच तोंडात पाणी घातलं," काकू शांतपणे म्हणाल्या. "पण तिसऱ्या चालकाला गोष्टीत कुणी मारलेलं नाही. आत घ्यायचं राहिलंय फक्त. माझ्याकडून."

लेखकाने त्यांच्याकडे पाहिलं, मग बंद पडद्याकडे पाहिलं. "यादी तुमची आहे," तो म्हणाला. "तुम्ही लिहाल ते मी धरीन." आणि तो हळूच वर निघून गेला.

शुक्रवारी सकाळी खिडकीतून कोवळं ऊन येत होतं. वर कुणाच्या तरी चपला फटफट करत गेल्या. काकूंनी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं, वहीचं एकतिसाव्या भागाचं पान उघडलं आणि बत्तीस वर्षं कोऱ्या राहिलेल्या जागेत निळ्या पेनाने एकच शब्द लिहिला.

आत.

"आप्पा, लावा बावन्नावा."

शेवटचा भाग. कप्तानाचं निरोपाचं भाषण सुरू होतं.

टकटक नव्हती.

मागे आचाऱ्याने ट्रे खाली ठेवला. दाराजवळ गेला. कडी ओढली.

दार उघडलं. बाहेर काळोख होता, आणि काळोखातून जाड पोशाखातलं कुणीतरी संथ पावलं टाकत आत आलं. आचाऱ्याने त्याचं शिरस्त्राण उतरवायला मदत केली. परिचारिकेने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

तो मागच्या खुर्चीत जाऊन बसला. कॅमेऱ्याकडे पाठ करून.

मागची चौघं आपापल्या कामाला लागली. पुढे कप्तान बोलतच होता.

"काकू," आप्पा पडद्याजवळ सरकले. "हे तुमचे साहेबच ना?"

 काकू खुर्चीच्या पाठीवरून दिसणारं डोकं पाहत होत्या. ते कापसासारखं पांढरंशुभ्र होतं.

त्यांनी वही पुढे ओढली आणि शेवटचं पान उघडलं. कागद पिवळा पडला होता, शाई विटून तपकिरी झाली होती. अक्षर त्यांचंच होतं, तरुणपणीचं, उजवीकडे झुकलेलं.

'भाग बावन्न. तिसरा चालक: आत. केस पांढरे. यापुढे तसेच ठेवणे.'