खांडीवर कोण उभं आहे

बंगळुरूची मंडळी बग नोंदवायला जी सॉफ्टवेअरं बनवतात, ती शंभर माणसांच्या कंपन्यांसाठी असतात. एकट्याने ॲप बनवणाऱ्याने ती उघडली की काम राहतं बाजूला, दिवस जातो रकाने भरण्यात. म्हणून मी, प्रविण, रोह्याशेजारी वरसेला भाड्याच्या खोलीत बसून आमच्यासारख्यांसाठी वेगळं सॉफ्टवेअर बनवलं. त्याचं नाव 'खांड'. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

नाव गावाकडचं आहे. माझं गाव पेणच्या खारेपाटात. खाडीचं पाणी बांध फोडून भातशेतीत शिरतं, त्या भगदाडाला आम्ही खांड म्हणतो. खारं पाणी एकदा शिरलं की ते शेत पुढची काही वर्षं पीक देत नाही. म्हणून खांड दिसली की सगळ्यांनी धावायचं, चिखलाने ती बुजवायची, आणि मग एकाने तिच्यावर उभं राहायचं. माणसाच्या वजनाने ओली माती बसते. बदलीचा माणूस येईपर्यंत त्याने पाय उचलायचा नाही.

हीच रीत मी सॉफ्टवेअरमध्ये आणली. बग म्हणजे खांड. तो दुरुस्त झाला की 'बुजवली' दाबायचं, मग कुणीतरी 'उभा' दाबून काही दिवस त्यावर नजर ठेवायची. बदलीचं बटण मात्र मी ठेवलं नाही. कॉम्प्युटरमध्ये कुणाचे पाय दुखतात?

पेणला रामवाडीत राहणारी नूतन गणपतीच्या कारखान्यांसाठी ऑर्डरींचं ॲप चालवते. ती माझी पहिली गिऱ्हाईक आणि सगळ्यांत खवट. श्रावणात तिचा फोन आला.

"प्रविण, माझ्या बगवर कोणाला उभं केलंयस?"

"कोणालाच नाही. तूच राहायचंस."

"मी बटण दाबायच्या आधीच तिथे एक जण उभा दिसतोय. नाव कोरं आहे."

बग धरायच्या सॉफ्टवेअरमध्येच बग! मला लाज वाटली आणि रागही आला. मी सगळा कोड उलटापालटा केला. डेटाबेसमध्ये त्या माणसाची कुठेही नोंद नव्हती. पडद्यावर मात्र तो होता. मी तो भाग काढून नव्याने लिहिला. तो तरीही होता. हळूहळू बाकीच्या गिऱ्हाइकांकडेही तो दिसायला लागला.

विचित्र गोष्ट अशी की तो ज्या बगवर उभा असे, तो बग पुन्हा कधीही उलटत नसे.

"राहू दे त्याला," नूतन नंतर म्हणाली. "फक्त तो आला की लॅपटॉपखाली टेबल ओलं होतं रे. खाडीचा वास येतो."

"रामवाडीत कुठली खाडी?"

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली, आणि विषय बदलला.

मी सगळ्यांना ते नवीन फीचर आहे म्हणून सांगून टाकलं. लोकांनी वाहवा केली. मी ती खुशाल घेतली.

कोजागिरीला गावी गेलो. घरी चंद्रावती आत्या एकटीच असते. बांधाच्या खांडीही गाववाले आता माझ्याच सॉफ्टवेअरवर मोबाइलने कळवतात, त्यामुळे आत्याला ते ठाऊक आहे. सकाळी चहा पिताना मी फुशारकीने त्या कोऱ्या नावाचं सांगितलं. आत्याच्या हातातली बशी तशीच राहिली.

"त्याला मोकला कोन करतो?"

"मोकळा कशाला करायचा?"

"उभा केलास नि बदली नाय ठेवलीस? पऱ्या, असं नाय करायचं रे. किती दिस उभा हाय तो?"

तिची समजूत घालायला मी तिथेच ओट्यावर लॅपटॉप उघडला. बदलीचं बटण लिहायला असा काय वेळ लागतो? उभ्या असलेल्याने 'बदली हवी' दाबायचं, येणाऱ्याने 'आलो'. चहा गार व्हायच्या आत ते सगळ्यांकडे पोचलंसुद्धा. मी आत्याला पडदा दाखवला. ती तिकडे न बघता भात टाकायला आत गेली.

दुपारी उधाणाची भरती होती. पाणी चढायला लागलं आणि फोन वाजला. बांधातून पाणी सोडायच्या दाराजवळ, उघाडीपाशी खांड. कळवणाऱ्याचं नाव कोरं.

मी पळत सुटलो. एका बाजूला खाडी बांधाच्या काठोकाठ आली होती, दुसऱ्या बाजूला सगळ्या गावाचा भात पिकून पिवळा उभा होता. आत्याचंही शेत तिथेच. बाकीचे अजून मागे ओरडत येत होते.

खांड बुजवलेली होती. चिखल ताजा होता.

त्यावर दोन पावलं खोल उमटलेली होती, बोटांसकट. येणारी पावलं नव्हती. जाणारीही नव्हती.

माझ्या डोळ्यांदेखत ती माती खचायला लागली. पाण्याची एक बारीक धार भाताकडे निघाली.

फोन पुन्हा वाजला. पडद्यावर एवढंच होतं: 'बदली हवी.'

गाव माझं, रीत माझ्या गावची, सॉफ्टवेअर माझं. दुसरं कोण उभं राहणार? मी छाती काढून 'आलो' दाबलं आणि पाय त्या पावलांत ठेवले.

ते बरोबर बसले. आतला चिखल कोमट होता.

धार थांबली.

लोक आले, त्यांनी दोन्ही बाजूंनी माती लावली, पाठ थोपटली. "शाब्बास रे प्रविण!" गुणाजीकाका म्हणाले. "भात राखलास. भरती उतरंस्तवर ऱ्हा, बदलीला कोनतरी धाडतो." ते सगळे पुढचा बांध बघायला गेले. उन्हात पिवळं शेत डोलत होतं. आयुष्यात एवढा ताठ मी कधी उभा राहिलो नव्हतो.

भरती उतरली. बदलीला कुणी आलं नाही. पाय उचलून बघितला, उचलेना. मी आत्याला फोन लावला.

"आत्या, शेत वाचलं गो! कोणाला तरी इकडे पाठव."

"कोन बोलतंय?"

"मी, प्रविण."

तिकडे भांड्याचा आवाज आला.

"पऱ्या तर इथं जेवतोय," ती म्हणाली. "मघाच आला बांधावरना. भात पुरंना त्याला."

तिच्यामागून माझाच आवाज आला, तोंडात घास असलेला.

"कोन हाय गो आत्या?"

"कोन की," आत्या म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.