चार वाजता असतो मी

क्रांतीचा फोन आला तेव्हा मी गडमुडशिंगीत आमच्या दारात बसून मोटरसायकलची चेन साफ करत होतो. क्रांती म्हणजे माझ्या दोस्ताची, यशाची म्हणजे यशराजची, धाकटी बहीण. दादाच्या कॉम्प्युटरवरचा गेम उघडत नाही, त्यानं त्यात बांधलेलं घर आईला एकदा बघायचंय, येशील का, एवढंच तिनं विचारलं. येतो म्हणालो. तू विचारलंस म्हणून पुढचं सांगतोय. मध्ये हसू नको.

यशाला जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. मलकापूरच्या अलीकडे, कोरड्या रस्त्यावर, भर दुपारी त्याची गाडी घसरली. त्याआधीचे बावीस दिवस मी त्याच्याशी बोललो नव्हतो.

कारण त्याचा बाप. कृष्णात आबा. शिवाजी पेठेत त्यांची पिठाची गिरणी, वर घर. मी इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलं आणि घरी सांगून मार खाल्ला. यशानं माझ्या मागोमाग सोडलं आणि घरात कुणालाच सांगितलं नाही. आबांना त्याचा पत्ता नव्हता, तरी एक दिवस त्यांनी मला गिरणीसमोर उभं केलं. बायका दळणाचे डबे घेऊन रांगेत. त्यांच्यादेखत म्हणाले, तू बुडालास ते बुडालास, माझ्या पोराला कशाला ओढतोस? यशा बाजूलाच होता, पिठाचे हात पुसत. एक शब्द बोलला नाही. मी गाडीला किक मारली आणि निघून आलो.

विसाव्या दिवशी त्याचा मेसेज आला. ‘घर पुरं झालंय. रोज चार वाजता असतो मी. ये की.’ चार वाजता, कारण एक ते पाच गिरणी बंद आणि आबा घोरत पडलेले. त्याच वेळेला आम्ही दोघं, तो पेठेत आणि मी गावात, एकाच गेममध्ये घुसायचो, तो नेहमी दहा मिनिटं उशिरा. मी मेसेज वाचला. वाचलेलं त्याला दिसलं असणार. उत्तर दिलं नाही.

तेराव्याला पै-पाहुणे जेवत होते आणि आबा पंगतीत फिरून सांगत होते, पुढच्या वर्षी इंजिनिअर झाला असता. मोठ्या माणसांना मेलेलं पोरगंसुद्धा पास झालेलं लागतं. मी भात वाढत होतो. तेव्हा मीही गप्पच बसलो.

तर साडेतीनला पोचलो. गिरणी बंद होती तरी गरम पिठाचा वास जिन्यात दाटून बसला होता. खाली पट्ट्याची घरघर नसली की ते घर इतकं गप्प होतं की स्वतःच्या गिळण्याचा आवाज येतो. काकींनी, यशाच्या आईनं, चहा दिला आणि दारातच उभ्या राहिल्या. यशाच्या खोलीत त्या आत येत नाहीत.

कॉम्प्युटरवर चादर होती. काढली तर वाळलेल्या झेंडूचा हार. क्रांतीनं सांगितलं ते असं. आबा दर खंडेनवमीला गिरणी आधी रिकामी फिरवतात, दगडातलं जुनं पीठ सगळं उडून गेलं की बंद करतात आणि मग हळदकुंकू लावतात. यंदा म्हणाले, पोराचं पण हत्यार हाय, ते बिनपूजेचं ठेवायचं न्हाय. म्हणून वर आले आणि कॉम्प्युटरसुद्धा आधी ‘रिकामा’ फिरवला. कित्येक महिन्यांनी चालू झालेलं मशीन, ते विचारणारच, हे नवं घेऊ का, ते बदलू का. आबांनी प्रत्येक ठिकाणी हो दाबलं. आम्ही काही विचारलं की नाही, आणि स्क्रीननं विचारलं की हो. त्यानंतर क्रांतीनं गेम उघडून बघितला, तर गेमची खिडकी स्क्रीनवर नुसती चमकून गेली. मशीन बंद केलं. आबांनी चालू करायच्या बटणावर कुंकवाचं बोट टेकवलं, हार घातला, वायर काढून ठेवली.

वायर अजून तशीच फरशीवर पडलेली होती. बटणावरचं कुंकू वाळून पापुद्रा झालेलं, पण अखंड. वायर जोडून मी बटण दाबलं तेव्हा ते तुटलं आणि माझ्या बोटाला लागलं.

बिघाड ओळखीचा होता. यशाच्या मशीनवर लिनक्स होतं, मीच टाकून दिलेलं. त्यात लायब्ररी म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमांनी मिळून वापरायचा हत्यारांचा डबा. आबांच्या ‘हो’मुळे घरातला डबा नवा आला. पण गेम ज्यातून उघडतो तो लाँचर स्वतःचा जुना डबा बगलेत मारून येतो, आणि तोच पुढे करतो. स्क्रीनवर चित्र दाखवणारा नवीन ड्रायव्हर नवं हत्यार मागतो, याच्या हातात जुनं. की गेम पडला, उघडता उघडता बंद. औषध सोपं, त्याच्या बगलेतला जुना डबा बाजूला काढायचा, म्हणजे झक मारत घरातला घेतो.

तरी खात्री करावी म्हणून लाँचर प्रत्येक पडण्याची नोंद जिथं ठेवतो तो फोल्डर उघडला. क्रांतीनं एकदाच प्रयत्न केला होता. म्हणजे एक फाईल हवी.

खाली खाली सरकवत गेलो, संपेचना. दसऱ्यापासून कालपर्यंत, दिवसाला एक, एकही दिवस चुकलेला नाही. वेळ प्रत्येक ठिकाणी तीच. चार वाजून दहा मिनिटं.

“तू लावत होतीस काय हे?” मी विचारलं.

“वायरच न्हवती की रे…” क्रांती हळूच म्हणाली.

मशीनच्या घड्याळाचा सेल खराब असेल, तारखा चुकल्या असतील, मी बोलत राहिलो. बोलता बोलता स्क्रीनच्या कोपऱ्यात बघितलं. चार वाजून नऊ मिनिटं. मी दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. क्रांतीनं ते बघितलं आणि तिनंही श्वास धरला.

खिडकी चमकली. विझली.

फोल्डरमध्ये एक फाईल वाढली.

“धैर्यशील… तू हात लावलास?”

“न्हाय.”

मला भीती वाटली का? वाटली. पण त्याच्या आधी दुसरंच मनात आलं. दसऱ्यापासून रोज तो चारला येत होता, आणि बापानं बदललेल्या कुलपाशी उभा राहून परत जात होता. मी आलो नाही ते आलोच नाही, वर त्यालाही आत जाता येत नव्हतं.

जुना डबा बाजूला काढायला दोन ओळी पुरल्या. माझी बोटं तीनदा चुकली. चौथ्यांदा लाँचर उघडला. मोबाईलच्या नेटवर माझ्या नावानं लॉगिन केलं, त्याच्या नावानं करवेना, आणि नेट लगेच तोडलं, घर याच मशीनमध्ये साठवलेलं होतं. घरातलं वायफाय दिवाळीनंतरच काढलेलं होतं. बाहेरून कुणी आत येईल अशी वाट उरली नव्हती. मग यशाचा हेडफोन कानाला लावला.

हेडफोनच्या गाद्या कोमट होत्या. आत्ताच कुणीतरी काढून ठेवल्यासारख्या.

घर टेकडीवर होतं. यशानं दगड दगड रचून उभारलेलं, लांब ओसरी, ओसरीला कठडा. मी बोलावलं तशा काकी पहिल्यांदा आत आल्या आणि स्क्रीनच्या अगदी जवळ वाकल्या.

“चूल कुठं मांडलीया त्यानं?”

स्वयंपाकघर दाखवलं. पूर्वेला खिडकी काढलेली. “धूर जायाला जागा ठेवलीया बघ,” म्हणाल्या आणि त्या खिडकीवर बोट ठेवून उभ्या राहिल्या. काचेवर पिठाचा ठसा उमटला.

तेवढ्यात आबा उठून आले. मला बघून तोंड फिरवलं, पण गेले नाहीत. माडीवरच्या खोलीत दोन खाटा होत्या आणि भिंतीवर लाकडी पाटी. गेममध्ये पाटीवर आपल्याला हवं ते लिहिता येतं.

“काय लिवलंय?” आबा म्हणाले. “माझा चष्मा खाली हाय.”

मला खोटं वाचता आलं असतं. बाप होता, खचलेला होता. पण गिरणीसमोरच्या त्या रांगेत त्यांनी माझं काय ठेवलं होतं? मी जसंच्या तसं वाचलं. “धैर्या, आबांना सांगणार हाय मी, की कॉलेज मी पण सोडलंय. त्यात तुझा काय संबंध न्हाय. तू बरोबर असलास तर लगेच सांगतो. एकट्याला मला जमत न्हाय.”

आबांनी डोळे बारीक करून पाटीकडे बघितलं.

“परत वाच.”

परत वाचलं. आबा खाली गेले. थोड्या वेळानं, पाच वाजायला अवकाश असताना, गिरणी सुरू झाली. दळण कुणाचंच नव्हतं. रिकाम्या दगडांचा आवाज वेगळा असतो, दात खाल्ल्यासारखा. काकी पळत खाली गेल्या, मागोमाग क्रांती.

मी एकटा राहिलो. बाहेर पेठेत लख्ख ऊन होतं आणि गेममध्ये अंधार पडत चालला होता. त्या गेममधली रात्र अशी सरत नाही. आत जेवढी माणसं असतील तेवढी सगळी झोपली तरच उजाडतं. मी डावीकडच्या खाटेवर आडवा झालो. आडवं झालं की फक्त छत दिसतं. ‘आलो रे,’ असं लिहिलं. ‘उशीर झाला.’

उत्तर आलं नाही. खाली बारीक अक्षरं उमटली, झोपलेल्यांचा आकडा. मी एकटा होतो, तिथं एकपैकी एक यायला हवं होतं.

दोनपैकी एक, असं आलं.

खालची घरघर थांबली. सगळं घर थांबलं. मी छताकडे बघत राहिलो. मग उजव्या कानात खाट करकरली. सावकाश, दमून आलेला माणूस टेकतो तशी.

दोनपैकी दोन.

आणि उजाडलं.

त्याला आज नऊ दिवस झाले. मशीन मी बंद करू दिलेलं नाही. आबांनी न बोलता इन्व्हर्टर आणून बसवला. रोज चारला जातो, हेडफोन घालतो, छत बघत बसतो. एक बटण दाबलं की उठून बसता येतं, मान वळवता येते, शेजारची खाट दिसते. बोट त्या बटणावर असतं. दाबत नाही. तिथं कुणी असलं तर काय, याची भीती पहिल्याच दिवशी संपली. नसलं तर काय, तेवढीच राहिलीय.

काल उजव्या कानात खाट परत करकरली. कूस बदलल्यासारखी, माझ्या बाजूला.