तांबूस कडं

त्या दुपारी शैला धुतलेले कपडे ठेवायला उत्तराच्या खोलीकडे गेली. टेक्सासमधल्या शुगर लँड गावातला ऑगस्ट. बाहेर अंगाला चिकटणारा उकाडा, घरात एसीची एकसुरी घरघर. दार लोटलेलं होतं आणि आत उत्तरा कुणाशी तरी अगदी हळू बोलत होती.

"कोण आहे गं आत?"

"दादा," सोळा वर्षांची उत्तरा जड जिभेनं म्हणाली. "तो म्हणतोय... आईला सांग, माझे डोळे बघ."

शैलानं दार ढकललं; आत उत्तरा एकटीच होती. थोरल्या मुलाला, गुरुदत्तला, जाऊन दोन वर्षं झाली होती. त्याचंही असंच सुरू झालं होतं. आधी हात थरथरले, मग बोलणं अडखळलं, मग कुणीकुणी ऐकू यायला लागलं. स्किझोफ्रेनिया, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ब्याऐंशी साली तो मनोरुग्णांच्या वॉर्डातच गेला.

तिनं लेकीचा थरथरता हात धरून तिला खिडकीशी नेलं. उन्हात बुबुळाभोवती तांब्याच्या रंगाचं बारीक कडं दिसत होतं.

तपासण्या झाल्या. विल्सन्स डिसीज. शरीरात तांबं साचत जातं, मेंदूतही. आई-बाप दोघांकडून येणारा आजार. पण औषध होतं. जन्मभर घ्यायचं.

"आणि आमचा मुलगा?" शैलाच्या नवऱ्यानं, प्रतापनं विचारलं.

डॉक्टरांनी नजर खाली वळवली. "बहुतेक हेच असावं. आय ॲम सॉरी."

घरी आल्यावर प्रताप कितीतरी वेळ गॅरेजमध्ये गाडीतच बसून राहिला.

हिवाळा सरेपर्यंत उत्तराचा हात स्थिरावला, जीभ सुटी झाली. एकदा जेवताना ती म्हणाली, "मॉम, दादा इज गॉन," आणि हमसून रडली. शैलानं तिला जवळ घेतलं. पण जे सांगायचं होतं, ते तिच्या तोंडून निघेना.

कारण आता गुरुदत्त शैलाला ऐकू येत होता. तिचं रक्त, तिचे डोळे, सगळं तपासून झालं होतं. तिला काहीच झालेलं नव्हतं. तरी उत्तरा शाळेत गेली की तिच्या खोलीच्या बंद दारामागून त्याचा आवाज यायचा. आधी वॉर्डातल्यासारखा, अडखळता... मग उत्तरा सुधारत गेली, तसा तोही.

मार्चमधल्या एका दुपारी तो अगदी स्वच्छ म्हणाला, "आई, मी बरा झालो. आता घरी येऊ?"

शैलानं दाराच्या मुठीवर हात ठेवला. मूठ कोमट होती, आतून कुणी धरून ठेवल्यासारखी.