आज काम नाही

कारखान्याच्या गेटामागच्या त्या खोलीत तीनच खुर्च्या होत्या आणि त्यातली एक डुगडुगत होती. ती नेमकी तिच्यावरच बसली. शेजारच्या माणसानं आपल्या हातातल्या चिठ्ठीची चौपदरी घडी केली आणि वाकून खुर्चीच्या आखूड पायाखाली सरकवली.

"ती आत जायची चिठ्ठी होती ना? आता तुम्हाला कसं सोडतील?" तिनं विचारलं.

"नाही सोडलं तर… तेवढाच आराम."

तिला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं म्हणून असेल, जरा अवघडूनच आलं.

पाइपांची ड्रॉइंग काढायची हा तिचा धंदा. गेली नऊ वर्षं ती कंत्राटावर काम करत होती, कुठे सहा महिने, कुठे तीन. जागेची जरा सवय व्हावी, खिडकीतून ऊन कधी येतं ते कळावं, तोवर मुदत संपायची. या वेळी चार महिने हातात काही नव्हतं. इथे जागा आहे असं एका जुन्या सहकाऱ्याकडून कळलं, म्हणून ती थेट आली होती. साहेबांनी दहाची वेळ दिली होती आणि आता साडेअकरा वाजले होते. बाहेर अवेळी आलेली बारीक भुरभुर पत्र्यावर वाजत होती.

"कुठल्या एजंटामार्फत आलात?" त्यानं विचारलं.

"कुठल्याच नाही. एजंट म्हटलं की माझ्या कपाळाला आठी पडते."

"एवढं काय केलं त्यांनी?"

कुणी विचारलंच नव्हतं इतके दिवस. ती सांगत गेली. एकानं म्हणे फार मोठी जागा आणली होती, त्यासाठी आधीच्या दोन साहेबांची नावं मागितली. तिनं दिली. दुसऱ्या दिवशी त्यानं त्या दोघांना फोन करून आपलीच माणसं खपवायला सुरुवात केली. जागा वगैरे नव्हतीच. दुसऱ्यानं तिला न विचारता तिची माहिती एका कंपनीला पाठवली. त्याच कंपनीला तिसऱ्यानंही पाठवली. एकच नाव दोन दारांनी आलेलं बघून कंपनीनं दोन्ही कागद बाजूला टाकले.

"आणि सगळ्यांचा शब्द एकच… 'कळवतो'. नऊ वर्षांत एकानं कळवलं नाही हो."

तो स्वतःच्या बुटांकडे बघत होता. "नाही म्हणायची लाज वाटत असेल."

"लाज? एजंटाला?"

तेवढ्यात दार उघडलं. "एजन्सीवाले साहेब कोण? चिठ्ठी दाखवा."

तो उठला… आणि तसाच उभा राहिला. चिठ्ठी तिच्या खुर्चीखाली होती. तीच उठली, वाकली, घडी उलगडून तिनं ती त्याच्या हातात दिली. त्यावर एजन्सीचं नाव होतं. तिचे कान तापले.

"आधी बोलायचं तरी," ती म्हणाली.

"तुम्ही इतकं खरं बोलत होतात… मध्ये तोंड घालवेना."

तिची भेट पाच मिनिटांत आटोपली. आम्ही एजन्सीकडूनच माणसं घेतो, असं सांगून साहेबांनी तिला वाटेला लावलं. बाहेर आली तर तो छपराखाली उभा होता.

"या जागेसाठी मी दुसऱ्याचं नाव दिलंय," तो म्हणाला. "तुमच्या आधीच. ते काही मी बदलणार नाही. पण नंबर दिलात, तर पुढचं बघेन."

तिनं नंबर दिला. विश्वास बसला म्हणून नाही, नकार द्यायचाही कंटाळा आला होता म्हणून.

गुरुवारी सकाळी अकराला फोन वाजला.

"आज काम नाही."

"मग फोन कशाला केलात?"

"हेच सांगायला."

तिनं फोन ठेवला तेव्हा वडील पलंगावरून मान वर करून बघत होते. त्यांचे डोळे अधू झाले होते, कान मात्र शाबूत होते. "कोण होतं?"

"एजंट, अप्पा."

"काम आहे?"

"नाही."

"मग हसतेस कशाला?"

पुढच्या गुरुवारीही फोन आला, त्याच्या पुढच्याही. काम नाही हे एका वाक्यात सांगून व्हायचं, पण फोन काही तेवढ्यात संपायचा नाही. त्याच्या ऑफिसातल्या फळ्याची गोष्ट तिला अशीच कळली. महिन्यात किती जणांची माहिती गोळा झाली त्याचे आकडे त्यावर लिहितात, मग जागा असो वा नसो. त्याच्या नावापुढचा आकडा कायम शेवटचा असायचा. "दिवसभर लोकांना आशा विकायची," तो एकदा म्हणाला, "संध्याकाळी घसा बसतो."

मग ते भेटायला लागले. बसथांब्यासमोरच्या हॉटेलात, पंख्याखालच्या टेबलाशी.

"तुमची माहिती वाचली," तो म्हणाला. "छंद या रकान्यात तुम्ही 'नाही' लिहिलंय."

"कंत्राटी माणसाला परवडत नाहीत छंद."

"मग रविवारी काय करता?"

"झोपते."

"मीसुद्धा. बघा, किती जमतं आपलं."

ती चहाचा कप उगाचच बशीत फिरवत राहिली. निघताना त्यानं तिच्या खांद्यावरून घसरलेला ओढणीचा पदर बोटाच्या टोकानं वर सरकवला आणि आपणच दचकून हात मागे घेतला. घरी जाईस्तोवर तिला त्या जागी बोट जाणवत होतं.

असे दोन महिने गेले. आणि एका सोमवारी त्या जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. "अगं, धरणाच्या पाइपलाइनचं काम निघालंय. वर्षभराचं. दिवसभराचा प्रवास आहे, पण काम पक्कं. तुझ्या त्या एजन्सीकडेच आहे की. मागच्या बुधवारपासून."

मागच्या बुधवारपासून… आणि गुरुवारी तो म्हणाला होता, आज काम नाही.

ती तशीच उठून त्याच्या ऑफिसात गेली. दोन जिने चढताना सगळे जुने एजंट एकेक करून आठवले. तो टेबलाशी बसला होता. तिला बघून तो उभा राहिला आणि तिनं काही विचारायच्या आत म्हणाला, "हो. पाच दिवस खणात होतं."

"का?"

"तुम्ही गेला असतात."

खोलीत दुसरं कुणीतरी फोनवर कुणाला तरी 'उद्या नक्की' सांगत होतं. ती समोरच्या खुर्चीत बसली. भांडायचं ठरवून आली होती, पण अंगात त्राणच उरलं नव्हतं.

"बाकीच्यांनी पोटासाठी केलं," ती हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही…"

"मी त्यांच्याहून वाईट केलं. माहीत आहे. आज सकाळी नऊला नाव पाठवलंय तुमचं. दुपारी फोन करून सगळं सांगणारच होतो… पण आता कोण विश्वास ठेवणार म्हणा."

"मी नाही," ती म्हणाली आणि उठली.

जिन्यातच तिनं त्या कंपनीचा नंबर शोधून थेट फोन लावला. पलीकडच्या बाईंनी कागद चाळले. हो, नाव आलंय. आज सकाळी नऊ वाजता. खाली एजंटानं लिहिलंय, की उशीर त्याच्या हातून झालाय, उमेदवाराचा काही दोष नाही. "असं लिहिणारा एजंट मी पहिल्यांदाच बघतेय," बाई म्हणाल्या. "शुक्रवारी येता का भेटायला?"

शुक्रवारी तिला काम मिळालं.

घरी येऊन तिनं अप्पांना सगळं सांगितलं. खणातले पाच दिवससुद्धा.

"जा तू," अप्पा म्हणाले. "शेजारच्या काकू आहेत, मावशी येऊन-जाऊन असते. डोळे गेलेत माझे, अक्कल नाही गेली."

"आणि तो?"

अप्पांनी अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाले, "तुझ्या आईला लग्नानंतर परगावच्या शाळेतून नोकरीचं पत्र आलं होतं. माझ्या हातात पडलं. मुदत उलटेपर्यंत मी ते तिला दाखवलं नाही."

"मग?"

"मग काय. तिला कधी कळलंच नाही. ती गेली तेव्हाही मी बोललो नाही. तो निदान पाचव्या दिवशी बोलला."

ती उठून त्यांच्याजवळ बसली. त्यांचा हात हातात घेतला.

निघायच्या दिवशी सकाळीच बस होती. अप्पांच्या पाया पडून ती स्थानकावर आली, तर तो फलाटाच्या खांबाशी उभा. दाढी वाढलेली, झोप न झालेले डोळे.

"थांब म्हणायला आलायत?"

"नाही. एकदा थांबवून बघितलं. माणूस मनातून उतरतो." त्यानं तिची बॅग उचलली. "वेशीपर्यंत येऊ का बसमधून? तिथून रिक्षानं जाईन ऑफिसला."

ती खिडकीशी बसली, तो शेजारी. बस सुरू झाली. काचेवरून पावसाच्या रेघा तिरक्या सरकायला लागल्या.

"ऐक," ती म्हणाली. पहिल्यांदाच एकेरीत, आणि ते दोघांनाही कळलं. "मला तू आवडतोस. आत्ता मी इतकी दमलेय ना… की खोटं बोलणं मला झेपणारच नाही."

तो काचेकडे बघत राहिला. "मला तर… तू त्या दिवशी खुर्चीखालून चिठ्ठी काढून दिलीस, तेव्हापासून."

"तेव्हा मी चिडले होते."

"चिडली होतीस. तरी घडी नीट उलगडून दिलीस."

तिनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. दोन मिनिटांसाठीच, असं ठरवून.

जाग आली तेव्हा पाऊस थांबला होता. दोन्ही बाजूंना उघडी शेतं पळत होती, गावाचा मागमूस नव्हता. तो अगदी ताठ बसला होता, हातात तीन तिकिटं, एकाहून एक लांबची.

"वेस कधी गेली?"

"झाले दोन तास."

"आणि ऑफिस?"

"कळेल त्यांना." तो जरा हलला. "हात पार बधिर झालाय गं."

"होऊ दे," ती म्हणाली, आणि डोकं होतं तिथेच ठेवून तिनं पुन्हा डोळे मिटले.